अंबाबाईच्या देवळाची बाहेरची भिंत कुणी नीट बघितलीय का?

रेघोट्या
मंडळी, परवा पुण्याहून मावसभाऊ आला होता. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं चल, आधी अंबाबाई, मग मिसळ. मिसळ राहिलीच.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. दहावीचा निकाल, नोकरी, लग्न, पोरीचं बारसं, प्रत्येक वेळी देवळात गेलोय. घाटी दरवाज्यातनं आत, रांग, दर्शन, महाद्वारातनं बाहेर. ह्या पठ्ठ्यानं मात्र दर्शनाआधीच बाहेरच्या भिंतीशी ठाण मांडलं. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं भिंतीचा एक कोपरा काढत बसला. पंधरा मिनिटांनी म्हणाला, "दादा, ही भिंत सरळ कुठंच नाहीये रे."

आणि खरंच नाही. हातभर पुढं येते, काटकोनात वळते, वीतभर मागं जाते, परत पुढं. देवळाची अख्खी कड अशी दातेरी. साडेचारचं ऊन तिरकं पडलेलं, त्यामुळं प्रत्येक कोनाची एक बाजू उजेडात आणि दुसरी काळीकुट्ट. त्या काठावर एकेक बाई उभी. कुणी नाचतेय, कुणी वाद्य वाजवतेय. चाळीस वर्षं मी ह्यांच्या शेजारनं चपलांचं टोकन खिशात चाचपत गेलोय.

आता प्रश्न. आमच्या हाताच्या उंचीवर जी एक नर्तकी होती तिचे गुडघे आणि पावलं आरशासारखी गुळगुळीत. हात फिरवला तर तेलकट लागतं. तिच्याच डोक्यावरच्या ओळीतल्या मूर्ती मात्र खरखरीत, टाकीचे घाव अजून दिसतात. नाक दोन्हीकडं उडालेलं. हे कुणी फोडलं, का झिजलं? आणि दुसरं, पाहुण्यानं विचारलं की हे हेमाडपंती का? मी ठोकून दिलं "हो". बरोबर ना?

तांबडा_पांढरा
मिसळ राहिली हे वाचून पुढं वाचवंना.

पाथरवटाचा_नातू
पहिल्या प्रश्नावर मी बोलतो. आजा पाथरवट होता, जाती-पाटे घडवायचा, पावसाळ्याआधी दारोदार टाकी लावत फिरायचा. त्याच्याबरोबर लहानपणी मीही ह्या भिंतीपुढं उभा राहिलोय.

आपला दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, बेसाल्ट. लोक बेलूर-हळेबीडचे फोटो दाखवून म्हणतात की तिकडं दागिन्यातला मणी अन् मणी दिसतो, इकडं काम जाडंभरडं. अरे बाबा, तिकडचा दगड साबणासारखा मऊ. खाणीतनं काढल्यावर कोरायचा, हवेनं मग तो कडक होत जातो. आपला पहिल्या दिवसापासनं लोखंड. आजा म्हणायचा, ह्या दगडाला टाकी लावली की आधी टाकी झिजते. तरी त्यात कंबरेची वळणं आणि पायातले वाळे काढलेत.

आता नाक. मूर्तीत जो भाग बाहेर आलेला आणि बारीक, तो पहिला जातो. नाक, बोटं, वाद्याची टोकं. घणाचा घाव बसला असेल तर दगडाचा कपचा उडतो, कड धारदार राहते, पुढं शेकडो वर्षांनी बोथट होते. हात लागून झिजलं असेल तर कडच राहत नाही, सगळं गोल होतं. एकाच मूर्तीवर दोन्ही बघायला मिळतात. तुझी ती नर्तकी बहुतेक तशीच. नाक फुटलंय आणि पाय झिजलेत. पाय झिजवणारे आपणच. प्रदक्षिणा घालताना हात लावायचा, तोच कपाळाला लावायचा. तेल, हळद, कुंकू, घाम. वरच्या ओळीला हात पोचत नाही म्हणून टाकीचे घाव शाबूत.

ताम्रपट
हेमाडपंती म्हणू नका हो, पोटात दुखतं.

हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र ह्या दोन राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याच्या आधी पन्नासएक वर्षं सिंघण यादवानं कोल्हापूरच्या शेवटच्या शिलाहार राजाचा, दुसऱ्या भोजाचा पाडाव केला होता. देऊळ त्याच्याही आधीचं. हेमाद्रीचा आजोबा रांगत असताना इथं घंटा वाजत होती.

जुनेपणाचा एक पुरावा तर अंगावर काटा आणणारा आहे. राष्ट्रकूट अमोघवर्षाविषयी संजानच्या ताम्रपटात, शके 793 म्हणजे इ.स. 871 मध्ये लिहिलंय, की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिलं. ही महालक्ष्मी अभ्यासक कोल्हापूरचीच, म्हणजे आपली अंबाबाईच धरतात. पुढं शिलाहार आले ते स्वतःला 'श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद' म्हणवून घेत, देवीचा वरप्रसाद मिळालेले. आज उभ्या असलेल्या दगडी कामाचा मोठा भाग त्यांच्याच काळातला मानतात.

लई_भारी_केएम्टी
पण आमच्या शाळेच्या पुस्तकात हेमाडपंतीच होतं की. बिनचुन्याचं म्हणजे हेमाडपंती. गुरुजी काय खोटं सांगत होते होय?

ताम्रपट
गुरुजी खोटं नाही, ढोबळ सांगत होते. महाराष्ट्रात काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवयच पडली. खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही म्हणतात. तेही शिलाहारांचंच, बाराव्या शतकातलं. शैलीला नाव द्यायला हरकत नाही. पण नावातला माणूस जन्मायच्या आधीचं देऊळ त्याच्या नावावर चढवणं म्हणजे नातवाच्या नावावर आज्याचा सातबारा.

पाथरवटाचा_नातू
सातबारा एक नंबर 😄

बिनचुन्याचं म्हणजे काय ते पण सांगतो. दगड दगडावर नुसता बसवलाय. खालच्या दगडाला खोबण, वरच्याला कुसू, आणि वजन. वजन हाच चुना. म्हणून खालचे थर रुंद आणि जाड, वर जाल तसे हलके. भिंत दातेरी का, ह्याचं एक उत्तर ह्यातच आहे. सरळ उभी पातळ भिंत कलंडते, घड्या घातलेला कागद मात्र टेबलावर उभा राहतो. नुसतं शोभेसाठी नाही केलेलं. अर्थात शोभा पण झालीच. सुताराला पाट करायला सांगितला तर तो चार कोपरे गोल करणारच.

पेठेतली
पाथरवटाचा_नातू, कागदाचं उदाहरण पोरांना शाळेत दाखवणार.

मी काल मुद्दाम गेलो होतो हा धागा वाचून. (हो, मी बाई आहे, आणि मी 'गेलो'च म्हणणार. पुणेकरांनी आवंढा गिळावा.) रेघोट्या म्हणतोय ती भिंत बघितली. पण मला वाटतं तुम्ही सगळे भिंतीतच अडकलाय. मान अजून वर करा. काळा दगड एका रेषेत संपतो आणि त्याच्यावर चुन्या-विटांची शिखरं सुरू होतात. ती रेष एकदा दिसली की मग ती सोडून दुसरं काही दिसतच नाही. खाली सगळं टोकदार, कोरीव, सावल्यांचं. वर गुबगुबीत, गुळगुळीत, रंगवलेलं. दोन वेगळ्या माणसांचं अक्षर एकाच पानावर असावं तसं. शिखरं कितीतरी नंतरची हे सांगायला कुणी पंडित लागत नाही.

मला पूर्वी ती शिखरं आवडायची, कारण रंकाळ्यावरनं येताना तीच दिसतात. काल पहिल्यांदा वाटलं की खालच्या दगडाला ही टोपी जरा मोठी झालीय.

तांबडा_पांढरा
टोपी नाही, कोल्हापुरी फेटा म्हणा. फेटा मोठाच असतो.

दूरचा_करवीरकर
दुबईतनं वाचतोय, डोळे भरून आले. मला एक सांगा. लहानपणी आईबरोबर एका अरुंद दगडी जिन्यानं वर गेल्याचं आठवतं, वर महादेवाची पिंड होती. घरात कुणालाच आठवत नाही, म्हणतात तुला स्वप्न पडलं असेल.

पेठेतली
स्वप्न नाही. मातुलिंग. देवीच्या गाभाऱ्याच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, पिंड आणि समोर नंदी. देऊळ दुमजली आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

आणि ह्यावर माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. देवीची मूळ मूर्ती काळ्या पाषाणाची, चार हातांची. खालच्या उजव्या हातात म्हाळुंगाचं फळ, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागं सिंह. सप्तशतीच्या शेवटी जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं जे वर्णन येतं, त्याच्याशी हे हुबेहूब जुळतं. विष्णूची बायको लक्ष्मी वेगळी, तिच्या हातात कमळं. ही त्रिगुणात्मक आदिशक्ती. संस्कृतात म्हाळुंगाला मातुलिंग म्हणतात.

आता बघा. मूर्तीच्या डोक्यावर लिंग. गाभाऱ्याच्या डोक्यावर लिंग. एका बाजूला महाकाली, दुसऱ्या बाजूला महासरस्वती, मध्ये ही. ज्यानं नकाशा आखला त्यानं मूर्तीच मोठी करून देऊळ बांधलं असं मला वाटतं. साडी-दागिन्यांमुळं आपल्याला मूर्ती पूर्ण कधी दिसत नाही, पण आपण तिच्या आतनंच फिरत असतो.

रेघोट्या
हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसलो. पाहुण्याला पाठवलं. त्याचं उत्तर: "दादा माझा सेमिस्टरचा विषय मिळाला."

खगोलखूळ
किरणोत्सवाचा उल्लेख नाही म्हणजे काय! देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, आणि 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन पहिल्या दिवशी पावलांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा परंपरेनं सांगितलेला क्रम.

लोक विचारतात की दोन वेळा का. हिशोब सोपा आहे. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबर 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारी 42 दिवस. सूर्य दक्षिणेकडं जाताना ज्या जागेवर मावळतो, परत येताना त्याच जागेवर मावळतो. त्या दिवसांत कोल्हापुरात तो ठीक पश्चिमेला मावळत नाही, 18 अंशांच्या आसपास दक्षिणेकडं मावळतो. म्हणजे देवळाचा अक्षही तसा तिरका ठेवावा लागतो. कंपास नव्हता, मोबाईल नव्हता. कुणीतरी संध्याकाळच्या संध्याकाळ काठ्या रोवून बसला असणार.

त्या वेळी सूर्य दररोज आपल्या अर्ध्या बिंबाएवढा बाजूला सरकतो, म्हणून खेळ दोन-तीन दिवसांचाच.

लई_भारी_केएम्टी
पण किरण पायावरनं वर कसं चढतं? सूर्य तर खाली जातोय.

खगोलखूळ
म्हणूनच चढतं! दाराच्या वरच्या चौकटीची सावली आत पडते. सूर्य उंच असताना त्या चौकटीखालनं येणारा उजेड लांब जाता जाता जमिनीवर टेकतो. सूर्य जसा खाली जाईल तसा उजेड आडवा होतो, सावलीची कड वर सरकते आणि पावलांपासनं उजेड वर चढतो. घरी टॉर्च आणि पुठ्ठ्यानं करून बघ.

अडचण एवढीच की महाद्वाराच्या पुढं आता रस्ता आणि इमारती आहेत. शिवाय क्षितिजावर ढग, धूळ, दमट हवा असली की शेवटची दोन-चार मिनिटं, जी सगळ्यात महत्त्वाची, तीच पुसट होतात. मी गेल्या खेपेला कमरेपर्यंत मोजलं आणि उजेड विझला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "येवढं दिलं न्हवं का."

सुतारपक्षी
सगळे दगडाचं बोलताय, लाकडाचं कोण बोलणार? दर्शनमंडपाच्या समोरचा गरुड मंडप हा मराठा काळातला, लाकडी. वर निमुळते होत जाणारे खांब आणि मधे महिरपी. वाड्यात बसल्यासारखं वाटतं तिथं. किरणांची वाट पण त्याच्या मधनंच जाते, म्हणजे बांधणाऱ्यानं त्या वाटेत खांब येणार नाही ह्याचं भान ठेवलंय.

खांब बुंध्याशी कुजले म्हणून अलीकडं तो मंडप उतरवून नव्यानं करायचं काम निघालं. लाकूड वरनं धडधाकट दिसतं, टिचकी मारली की आवाज पोकळ. जमिनीला टेकलेला खांब ओल शोषतो आणि वीतभर उंचीपर्यंत आतनं जातो. वरची महिरप शंभर वर्षं आणखी राहिली असती.

मणिकर्णिका कुंडाचंही तसंच. आमच्या पिढीनं तिथं बागच बघितली. खाली अख्खं दगडी पायऱ्यांचं कुंड आहे हे उकरायला लागल्यावर कळलं.

दूरचा_करवीरकर
त्या बागेत मी शेंगा खाल्ल्यात! कुंडावर बसून! 😳

पाथरवटाचा_नातू
झिजण्यावरनं राहिलेलं सांगतो, कारण ते मला जास्त लागतं.

आमच्या गावाकडं, नाव नको, एक जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे. छोटंसंच. दारावर कीर्तिमुख, खांबांवर वेलबुट्टी. वीस वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून त्याला ऑईलपेंट दिला. खांब गुलाबी, कीर्तिमुखाचे डोळे पांढरे. मीही वर्गणी दिली होती, पाचशे. पुढं रंगाचे पोपडे निघायला लागले. मग कुणीतरी शहाण्यानं सुचवलं की ग्राइंडर लावा. दोन दिवसांत रंग गेला, आणि रंगाबरोबर वेलबुट्टीची पानंही गेली. आठशे वर्षांत पावसानं केलं नाही ते चार इंची चकतीनं केलं. आजा तोवर गेला होता, बरं झालं.

तेव्हापासनं अंबाबाईच्या भिंतीला मी हात लावत नाही. लांबनं नमस्कार.

ताम्रपट
हेच देवीच्या मूर्तीलाही लागू. शतकानुशतकं दूध, दही, मध, पाणी. कातळ असला तरी झिजणारच. 1955 मध्ये वज्रलेप, म्हणजे मूर्तीवर टणक लेप, झाला, 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी संवर्धन केलं. आता अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो.

मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती आणि 1715 मध्ये, करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, विजयादशमीला परत बसवली गेली. एवढ्यातनं वाचलेली मूर्ती आपल्या प्रेमानं झिजावी, ही गंमत म्हणायची का काय, मला ठरवता येत नाही.

जाताजाता, शेषशायी विष्णूच्या देवळात कुणी गेलं तर छताकडं बघा. तीर्थंकरांच्या लहान मूर्ती आहेत. त्यावरनं इथं भांडू नका, भांडणासाठी वेगळा धागा काढा. शिलाहारांच्या राज्यात जैनांना आणि शैवांना दोघांनाही दानं मिळत होती, आणि कारागीर बहुतेक तेच.

लई_भारी_केएम्टी
मी तर म्हणतो एक दिवस सगळेच जाऊ. रविवारी?

पेठेतली
रविवार नको, रांग बिंदू चौकापर्यंत येईल. मंगळवार-शुक्रवार तर विसराच. बुधवारी पहाटे. पूर्वेकडच्या भिंतीवर उगवतीचं तिरकं ऊन पडतं, तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बाराला सगळं सपाट.

रेघोट्या
बुधवार चालेल. आज ऑफिसातनं येताना पुन्हा गेलो होतो, फक्त त्या नर्तकीसाठी. पाथरवटाचा_नातू म्हणाला तसं नाकाजवळ डोळे नेऊन बघितलं. कपचा उडालेलाच आहे. कड बोथट झालीय पण आहे. आणि एक नवीन सापडलं. तिचा डावा पाय जास्त गुळगुळीत, उजवा तेवढा नाही. आधी कळेना. मग एक मावशी प्रदक्षिणेला आल्या, चालता चालता उजवा हात लांब करून जेवढ्यास तेवढा टेकवला आणि पुढं गेल्या. येणाऱ्याला आधी तोच पाय लागतो, दुसरा कोनाच्या आड राहतो.

तांबडा_पांढरा
बुधवारी साडेसहा, घाटी दरवाजा. पेन्सिल ज्याची त्यानं आणायची. मिसळ ह्या वेळी राहणार नाही.